हिरव्याचा दुहेरी वाटा

मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला रंग कळत नाही. कुठल्या बिंदूवर किती उजेड पडला, एवढंच त्याला मोजता येतं. म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात आणि तिथले उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून काढतात. या गाळण्यांची मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची: चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी.

तिची वंशावळ सहसा ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोमपर्यंत नेतात. १९०७ साली बाजारात आलेल्या त्या रंगीत छायाचित्रांच्या काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण पसरलेले असत. तोंडवळा जुळतो खरा, पण ही सोयरीक मला मान्य नाही. ऑटोक्रोमचे कण वाटेल तसे विखुरलेले. बायर यांचं १९७५ साली दाखल झालेलं पेटंट वाचलं की निराळंच घराणं दिसतं. हिरव्या बिंदूंनी तेज मोजायचं, लाल-निळ्यांनी रंगछटा, अशी तिथे उघड वाटणी आहे. तेज मोजणारे बिंदू एकाआड एक बसून निम्मी जागा घेतात.

ही वाटणी टीव्हीवाल्यांची! १९३८ साली फ्रेंच अभियंता जॉर्ज वालेन्सी यांनी सुचवलं, की तेजाचा संदेश वेगळा पाठवावा आणि रंगाचा वेगळा. म्हणजे जुने संच तेज तेवढं उचलून रंगीत कार्यक्रम कृष्णधवल दाखवतील. १९५३ साली मंजूर झालेल्या अमेरिकन मानकात तेजाचं सूत्र होतं सुमारे ५९ टक्के हिरवा, ३० टक्के लाल, ११ टक्के निळा. रंगाच्या संदेशाला अरुंद पट्टा पुरला, कारण डोळा बारकावे टिपतो ते मुख्यतः तेजातले. रंगातले फार कमी. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तरी मुंबई-पुण्यातले कृष्णधवल संच चालत राहिले, ते याच युक्तीमुळे.

बायर यांनी वालेन्सी वाचले असोत वा नसोत, १९७५ पर्यंत हा विचार टीव्हीच्या तंत्रात पुरता मुरला होता. तिथूनच तो कोडॅकच्या प्रयोगशाळेत पोचला असणार. हिरव्याला दोन जागा मिळाल्या, त्या तेजाच्या सूत्रात त्याचा वाटा सर्वांत मोठा म्हणून.

बायर-मांडणीतून निघालेले तिन्ही रंग कॅमेरा व्हिडिओ साठवताना पुन्हा तेज आणि रंगछटा असेच वेगळे करतो. मोबाइलच्या नेहमीच्या व्हिडिओत आजही दर चार बिंदूंमागे तेजाची चार मापं ठेवतात, आणि रंगाची फक्त दोन.