कौल लावणाऱ्यांची गोष्ट

कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात. गुरव देवाला फुलं किंवा कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घातलं जातं आणि मग कोणत्या बाजूचं फूल आधी पडतंय याकडे सगळे डोळे लावून बसतात. वर्तमानपत्रांनी हाच शब्द उचलून 'जनतेचा कौल' केला. निकालाच्या आधी टीव्हीवर जे चालतं ते बघताना हा शब्द चपखल वाटतो. फक्त देव एकच असतो आणि मतदार कोट्यवधी. त्यामुळे इथे आधी ठरवावं लागतं, की विचारायचं कुणाला? जनमत चाचण्यांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला दिलेल्या चुकीच्या आणि बरोबर उत्तरांचा इतिहास आहे.

सगळ्यात गाजलेलं चुकीचं उत्तर १९३६ सालचं. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पोस्टाने नमुना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. साप्ताहिकाने सांगितलं, रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि गाडी असणारा माणूस कोण असेल, ते वेगळं सांगायला नको. शिवाय पोस्टाने उत्तर पाठवायची तसदी रागावलेला माणूस जास्त घेतो. त्याच वेळी जॉर्ज गॅलपने त्यामानाने चिमूटभर लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला. भात शिजलाय का हे बघायला शितावरून परीक्षा होते, पण शीत पातेल्यात कुठून उचललं त्याला महत्त्व असतं.

भारतात ही विद्या आली १९५० च्या दशकात. 'ईस्टर्न इकॉनॉमिस्ट'चे संपादक एरिक द कोस्टा यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन सुरू केली. १९६३ मध्ये रजनी कोठारींनी सीएसडीएस स्थापन केली आणि १९६७ च्या निवडणुकीचा देशव्यापी अभ्यास तिथे झाला. १९८० च्या दशकात प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड बटलर यांनी ज्या प्रश्नाला हात घातला, तो माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला सगळ्यात भारी वाटतो. मतांची टक्केवारी कळली, तर तिच्या जागा किती होतील?

आपल्याकडे ज्याला सर्वात जास्त मतं, तो निवडून. त्यामुळे मतं आणि जागा यांचं नातं सरळ रेषेत नसतं. १९८४ मध्ये काँग्रेसला निम्म्याहून थोडी कमी मतं मिळाली आणि तीन चतुर्थांशाहून जास्त जागा. विरोधक विखुरलेले असले की असं होतं. म्हणून या तिघांनी विरोधी ऐक्याचा निर्देशांक काढला: विरोधकांच्या एकूण मतांपैकी सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाकडे किती? हा आकडा हलला, की मतं तेवढीच राहूनही जागा बदलतात.

आता महाराष्ट्र बघा. २०२४ च्या लोकसभेला इथे महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, महायुतीला १७ आणि सांगलीत अपक्ष. पण दोन्ही बाजूंच्या मतांमधला फरक होता एक टक्क्यापेक्षाही कमी! इथे थोडं गणित करू. अगदी नीट, यादृच्छिक पद्धतीने १,००० लोक निवडले, तरी उत्तर सुमारे ३ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. १०,००० निवडले तर १ टक्का. म्हणजे दहापट खर्च करूनही राज्यात कोण पुढे आहे हे खात्रीने सांगता आलं नसतं. वाहिन्यांवर मात्र जागांचे आकडे छातीठोकपणे झळकत होते आणि बऱ्याच ठिकाणी महायुती पुढे किंवा बरोबरीत होती. सहाएक महिन्यांनी विधानसभेला महायुतीने २८८ पैकी २३० च्या आसपास जागा जिंकल्या. महायुती येणार, असा बहुतेकांचा अंदाज होता, एवढी मोठी लाट मात्र फार थोड्यांना दिसली.

गणिताच्या पलीकडे भीती आहे. गावात अनोळखी माणूस वही घेऊन दारात उभा राहिला, तर मत खरं सांगायचं का? सरपंचाचा माणूस ऐकत असेल तर? म्हणून सीएसडीएसचे लोक नमुना मतपत्रिका आणि पेटी घेऊन जातात. शिक्का मारायचा, घडी करायची, पेटीत टाकायची. विचारणाऱ्यालाही कळत नाही.

आणि भीती फक्त मतदाराला नसते. २०१५ च्या बिहार निवडणुकीत एका संस्थेच्या एक्झिट पोलने महाआघाडीला १६९ ते १८३ जागा दिल्या. इतर सगळे आकडे त्याहून बरेच वेगळे होते. ज्या वाहिनीसाठी तो पोल केला होता, तिने तो दाखवलाच नाही. महाआघाडी १७८ वर थांबली. कळपातून वेगळं पडायची भीती वाटली, की चाचण्या एकमेकींसारख्या दिसू लागतात आणि आपल्याला वाटतं, सगळेच सांगतायत म्हणजे खरं असेल.

याची किंमत खरी असते. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं. सोमवारी सेन्सेक्स ३ टक्क्यांहून जास्त चढला. मंगळवारी निकालात एनडीए २९३ वर आली आणि बाजार जवळपास ६ टक्के कोसळला. त्या सोमवारी उत्साहाने पैसे लावणाऱ्यांमध्ये आपल्या वयाची पोरंही होतीच. कायदा याबाबत एकच करतो: २००९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १२६अ नुसार शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी आहे. नमुना कसा निवडला, मतांच्या जागा कोणत्या सूत्राने केल्या, हे उघड करण्याची सक्ती त्या कलमात नाही. हा गाळलेला भाग मला बंदीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता बऱ्याच चाचण्या फोनवर होतात. 'मुख्यमंत्री म्हणून तुमची पसंती कुणाला?' असं विचारणारा फोन अनोळखी नंबरवरून येतो. आपल्यातले किती जण तो उचलतात? जे उचलत नाहीत, त्यांच्या वाटचं वजन उचलणाऱ्याच्या उत्तराला दिलं जातं. समजा, पंचविशीतल्या चार मुलींपैकी एकीनेच उत्तर दिलं, तर चौघींचं मत तीच ठरवते. १९३६ मध्ये यादीत नाव नसायचं, आता आपलं नाव यादीत असूनही आपण फोन कट करतो. निकालाच्या आदल्या संध्याकाळी पडद्यावर आकडा येईल तेव्हा एवढं आठवा, की त्यात कुणीतरी आपल्या वतीने बोललेलं आहे.