मजुरी कोणाच्या नावे

काम करणाऱ्याची मजुरी कोणाच्या हाती, कोणाच्या सहीने किंवा कोणाच्या खात्यात पडावी, हे ठरवणारे कायदे आणि रूढी. ज्याचे श्रम त्याची मजुरी, हे आजच्या भारतीय कायद्याचे मूळ सूत्र. महाराष्ट्रात ते सर्वांत उघडपणे मोडते ते ऊसतोडीत.

विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची, हे भारतात १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने लिहिले. तिच्या मजुरीची पोच तिनेच दिली तर ग्राह्य, असेही त्यात होते. मात्र हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना त्यातून वगळले होते, म्हणजे देशातल्या बहुतेक कष्टकरी बायका बाहेरच राहिल्या. हिंदू स्त्रीने लग्नानंतर स्वतःच्या हातकामातून मिळवलेल्या पैशावर, जुन्या धर्मशास्त्रानुसार, नवरा हयात असेपर्यंत त्याचा ताबा चाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने तो संपवला : स्वतःच्या कौशल्याने वा कष्टाने मिळवलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक झाली.

वेतन वेळेवर आणि बेकायदा कपात न होता मिळावे, यासाठी १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम आला. तो प्रामुख्याने कारखाने, रेल्वे अशा आस्थापनांपुरता होता. कंत्राटी कामगारांसाठी १९७० च्या कायद्याने मजुरीवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असण्याची अट घातली आणि कंत्राटदाराने पैसे बुडवले तर ते मूळ मालकाने द्यावेत असे ठरवले. २०१९ च्या वेतन संहितेत १९३६ च्या कायद्यासह चार कायदे एकत्र झाले. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कामगार दगावला तर थकलेले वेतन त्याने नेमलेल्या नामनिर्देशित व्यक्तीला मिळते.

ऊसतोडीत मोजणीचे एकक माणूस नसून ‘कोयता’ आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागातून मजूर निघण्याआधी मुकादम (मजूर पुरवणारा मध्यस्थ) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती नवरा घेतो, कागदावर सही किंवा अंगठा त्याचाच. फडात पहाटेच्या काळोखात तो ऊस तोडत पुढे सरकतो. ती मागून कांड्या गोळा करते, वाढ्याने मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून तोल सांभाळत ट्रकमध्ये चढवते. मजुरी टनावर ठरते. वजन मोळ्यांचे होते, आणि मोळ्या तिने वाहिलेल्या असतात. हिशेब मात्र नवऱ्याच्या नावाखाली, उचलीतून वजा होत जातो. खाडा झाला, मग तो बाळंतपणाचा का असेना, तर त्याची कपातही त्याच हिशेबात. हंगाम संपला तरी तिच्या श्रमाचा वेगळा आकडा कुठेच लिहिलेला नसतो.

याला केवळ रूढी म्हणून सोडून देणे योग्य नाही. किमान वेतन प्रत्येक मजुराला आहे, जोडप्याला नाही. दोघांच्या श्रमाला एकच दर लावला की बाईला किमान वेतन मिळाले की नाही, हे तपासायलाच जागा उरत नाही. त्याहून महत्त्वाचा १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा. आगाऊ रकमेपोटी ऋणकोने स्वतः किंवा कुटुंबातल्या कोणाकडून तरी श्रम करून देण्याचा करार, हे वेठबिगारीचे एक लक्षण त्याच्या व्याख्येतच आहे. उचल घेतो एक आणि राबतात दोघे, ही रचना त्या शब्दांच्या किती जवळ जाते, हे कोणत्याही कामगार अधिकाऱ्याला दिसायला हवे. पण मुकादम मध्ये असल्याने साखर कारखाना स्वतःला मालक म्हणवत नाही, आणि मुकादमाच्या वहीपर्यंत तपासणी क्वचितच पोचते.

याउलट २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात जॉबकार्ड कुटुंबाचे असले तरी हजेरीपटावर प्रत्येकाचे नाव स्वतंत्र लागे. त्यामुळे बाईने किती दिवस काम केले आणि तिला किती पैसे मिळायला हवेत, हे निदान कागदावर दिसे.

नवरा गेला की कायदा आणि फड यांतला फरक नेमका उघडा पडतो. वेतन संहितेच्या हिशेबाने विधवेला त्याची थकलेली मजुरी मिळण्याचा प्रश्न येतो. फडात तिच्यापुढे येते ती त्याची न फिटलेली उचल. नवी उचल एकट्या बाईला पुष्कळदा मिळत नाही. कोयता पुरा करायला भाऊ किंवा वयात आलेला मुलगा जोडीला घ्यावा लागतो, आणि वहीत नाव त्याचे चढते.