पत्र कोण देणार?

नोव्हेंबरातली रात्र, साडेअकरा वाजलेत. देवळीतल्या तुमच्या घरी पुढच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरून ठेवलाय. भाव चढेल म्हणून थांबलेला. उरलेल्या चार हात जागेत चटई, चटईवर लॅपटॉप आणि पडद्यावर लंडनच्या विद्यापीठाचा अर्ज. कापसाचे तंतू नाकात जाऊन शिंका येतायत. नाव, पासपोर्ट, पदवीचे गुण, आयईएलटीएसचे गुण हे सगळं भरून झालंय. अडलंय दोन ठिकाणी.

एक म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'. 'मी'पासून सुरू होऊन 'मी'वर संपणारे हजार शब्द. या घरात 'मी' म्हणून कुणी बोलतच नाही. आपलं वावर, आपली पऱ्हाटी, आपल्यावरचं सोसायटीचं कर्ज. दुसरी अडचण शिफारसपत्रांची. दोन प्राध्यापक हवेत, तुम्हाला ओळखणारे. सरांना परवा विचारलं तेव्हा ते मोकळेपणाने म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही मारतो." त्यांचंही फारसं चुकलं नाही. एकाच वर्गात शे-सव्वाशे पोरं, त्यातलं कोण काय वाचतं हे त्यांनी कसं सांगावं?

"काहून, झोपाचं नाही का?" आतून माय विचारते. "सकाळी येचाले बाया येऊन रायल्या."

हो म्हणता आणि चपला घालून बाहेर पडता.

देवळीला रेल्वे आली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, वर्धा–कळंब मार्ग सुरू झाला तेव्हा. तोवर इथला माणूस यवतमाळकडे काय आणि वर्ध्याकडे काय, एसटीनेच गेला. स्टेशन अजून नवंकोरं दिसतं. फलाटाला एक गाडी लागली आहे. तिकीट कुणी विचारत नाही. तुम्ही चढता. वर्धा जातं, बडनेरा जातं. भुसावळ सोडून गाडी तापीच्या काठाने वळते, तसे डब्यातले दिवे मंद आणि पिवळे होत जातात. समोरच्या माणसाच्या मांडीवरचा मोबाइल दिसेनासा होतो, डोक्यावर पागोटं येतं. सुरतेला उतरता तेव्हा १९१३चा जानेवारी संपत आलेला असतो.

बडोद्याहून मुंबईला निघालेली गाडी उभी आहे. तिच्यातून एकवीस वर्षांचा एक तरुण घाईने उतरतो. नुकताच बी.ए. झालेला, बडोदा संस्थानात नोकरीला लागून जेमतेम काही दिवस झालेले. मुंबईला वडील आजारी असल्याची तार आली आहे. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून भीमराव आंबेडकर बर्फी घ्यायला उतरले आहेत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. तुम्ही ओरडता. आवाज फुटत नाही. मिठाईवाला कागद शोधतो, पुडी बांधतो, सुट्टे पैसे मोजतो, आणि तेवढ्यात शिट्टी होते. पुडी हातात धरून ते धावतात. शेवटचा डबाही पुढे निघून जातो. दुसरी गाडी मिळून ते मुंबईला पोचतात ते दुसऱ्या दिवशी. वडिलांचे डोळे दाराकडेच लागलेले होते, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सकपाळ गेले. पलटणीतला हा सुभेदार मुलाच्या पुस्तकांसाठी मुलींकडून त्यांचे दागिने मागून आणायचा, गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवायचा.

ती बर्फीची पुडी हजार शब्दांत कुठे बसवायची? बसत नाही. माझं विचाराल तर या नमुन्याच्या निबंधांचा हाच दोष आहे. त्यात यश बसतं, उशीर बसत नाही.

आता थोडं मागे चला, चर्नी रोडच्या बागेत. शाळा सुटल्यावर एक पोरगा रोज बाकावर वाचत बसतो. दुसऱ्या बाकावर वाचत बसलेले गृहस्थ त्याला हटकतात, नाव-गाव विचारतात. हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. पोरगा एल्फिन्स्टन हायस्कूलचा, गुरुजी विल्सन हायस्कूलचे. म्हणजे त्याचे शिक्षक म्हणावेत तर तेही नाहीत. तरी ते त्याला पुस्तकं देत राहिले, मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं, आणि पुढच्या शिक्षणाला पैसा नाही म्हटल्यावर सयाजीराव गायकवाडांपुढे उभं केलं. महाराजांनी दरमहा २५ रुपये सुरू केले. आज ज्याला शिफारस म्हणतात तिचं हे जुनं रूप. ईमेल नव्हता, तिथे माणूस स्वतः चालत गेला.

४ जून १९१३. बडोद्याच्या कचेरीत तुम्ही भीमरावांच्या मागे उभे आहात. वडिलांना जाऊन चार महिने झालेत. महाराज काही विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवणार आहेत, त्यात यांची निवड झाली आहे. समोर करारनामा. ठरवून दिलेले विषय शिकायचे आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी करायची. त्या बदल्यात तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड. टाक दौतीत बुडतो, सही होते.

या घटकेला तुम्हाला तालुक्याच्या बँकेतला तो सकाळचा तास आठवतो. साहेबांनी सातबारा पाहिला आणि परत दिला. शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. घर, फ्लॅट, मुदतठेव चालते. म्हणजे कास्तकाराकडे जे आहे ते सोडून सगळं चालतं. बडोद्याच्या कराराने निदान गहाण ठेवायला वावर मागितलं नाही. माणसाची दहा वर्षं मागितली. जड कोणतं, ते ज्याने त्याने ठरवावं.

कोलंबियात आपण फार रेंगाळायला नको. जुलैत पोचल्यावर हार्टली हॉलमधलं अर्धकच्चं जेवण घशाखाली उतरत नाही, सुरुवातीचे दिवस हुंदडण्यात जातात, आणि मग अशी काही बैठक बसते की तीन वर्षांत एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम होतात. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाचा पारशी मित्र भेटतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आणि वर्गात भेटतात एडविन सेलिग्मन, सार्वजनिक आयव्यय आणि करव्यवस्था या विषयांतलं मोठं नाव. हेही लक्षात ठेवा.

१९१६ मध्ये लंडन. इकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, तिकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. वर्षभरातच शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपते आणि बडोद्याला परतावं लागतं. तुमच्या ओळखीतलं कुणी इथवर येऊन परतलं असतं तर गावाने "पैसे संपले, आला वापस" म्हणून विषय मिटवला असता. भीमरावांनी निघण्याआधी विद्यापीठाकडून लेखी परवानगी काढून ठेवली: चार वर्षांच्या आत येऊन शिक्षण पुरं करीन. महायुद्ध चालू होतं. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तकं पाणतीराच्या माऱ्यात बुडाली. परवानगीचा कागद तेवढा शिल्लक राहिला.

बडोद्यात त्यांचं काय झालं हे महाराष्ट्राला पाठ आहे. जातीमुळे राहायला खोलीसुद्धा मिळाली नाही. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून काटकसर, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, आणि त्या नवल भथेनाकडून पाच हजार रुपये उसने. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीवर चढले. चार वर्षांची मुदत अजून संपायची होती.

आता लंडनमधली एक रात्र मात्र नीट पाहून घ्या. रात्रीचे दहा. खानावळीच्या बाई हाताला आखडत्या, संध्याकाळचं जेवण म्हणजे कपभर बोव्हरिल, बिस्किटं आणि लोणी. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. खोलीत कुणा ओळखीच्या माणसाने दिलेला पापडांचा पुडा आहे. पत्र्याच्या तुकड्यावर ते चार पापड भाजतात, वर कपभर दूध घेतात आणि पुस्तक उघडतात. भाजल्या पापडाचा वास खोलीभर पसरतो. तुमच्या पोटात कालवतं, कारण तो वास देवळीतल्या चुलीचा आहे. सोबत राहणारे अस्नोडेकर झोपेतून उठून म्हणतात, आता निजा. ते निजत नाहीत.

त्याच सुमारास न्यूयॉर्कहून एक पत्र येतं. सेलिग्मन यांनी लंडनचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना आपल्या जुन्या विद्यार्थ्याबद्दल स्वतः लिहिलेलं. विद्यार्थी वर्ग सोडून चार वर्षं झाली, मध्ये समुद्र आहे, आणि हा माणूस कागद पुढे ओढून लिहायला बसतो. मजकूर लिहून आण, असं तो म्हणाला नाही. म्हणता आलंही नसतं, कारण काय लिहायचं ते त्यालाच माहीत होतं. १९२५ मध्ये 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती' हा प्रबंध छापला गेला, त्यालाही प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती पडली १९२७ मध्ये. बडोद्याच्या सहीपासून मोजा, चौदा वर्षं.

परतीची गाडी वर्ध्याला थांबते. उतरा, मगनवाडीत डोकावून जाऊ. १९३४च्या अखेरीस गांधीजींनी इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. घाणी, हातकागद, मधमाश्या असा सगळा संसार, आणि त्याचा हिशेब सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा. लंडनला हिशेबनिशी शिकलेला हा तंजावरकडचा माणूस १९२८ मध्ये कोलंबियात होता. सार्वजनिक वित्तावर अभ्यास करता करता इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थान कंगाल कसा झाला ते त्यांना आकड्यांत दिसलं. ते कोणाच्या हाताखाली शिकत होते? एडविन सेलिग्मन.

म्हणजे देवळीपासून अठरा-वीस किलोमीटरवर, तुम्ही एसटीने शंभरदा ओलांडलेल्या गावात, आंबेडकरांच्या गुरूचा दुसरा शिष्य तेलघाणीचा ताळेबंद मांडत बसला होता. कोलंबिया लांब आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?

पहाट. कापसाच्या ढिगाशेजारी लॅपटॉपची बॅटरी चार टक्क्यांवर आलीय. अंगणात बाया आल्यात, ओटीला फडकी बांधतायत. नव्या टॅबमध्ये राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती उघडी आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी अख्ख्या महाराष्ट्राला वर्षाला ७५ जागा. इतर मागासवर्गासाठी, आदिवासींसाठी वेगळ्या योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजुरांच्या आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांनाही जागा आहे, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. नियम दरवर्षी बदलतात, जाहिरात निघाली की त्याच दिवशी वाचायची.

निबंधातलं 'मी'ने सुरू होणारं पहिलं वाक्य तुम्ही खोडता. त्या जागी लिहिता: आमच्या घरात कापूस भरलेला असतो तेव्हा बसायला जागा नसते. मग सरांना मेसेज पाठवता: "सर, मजकूर आणणार नाही. तुमच्या तासाला लिहिलेला कापसाच्या भावावरचा निबंध आणि दोन वर्षांच्या वह्या घेऊन येईन. अर्धा तास द्या, मग तुम्हाला जे वाटेल ते तुम्हीच लिहा."

आणि देवळी, पुलगाव, आर्वी, हिंगणघाटच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या सर-मॅडमना एक विनंती. या हंगामात असं कुणी वह्या घेऊन दारात आलं तर तो अर्धा तास द्या आणि पत्र स्वतः लिहा. मराठीत सुचलं तर मराठीत लिहा. इंग्रजी मागाहून करता येतं.