वर्ल्ड कपच्या यादीत २१ नावं कशी येतात? २०१७ च्या भारतीय संघाची पूर्ण यादी, कोण कुठला, कोण पुढे गेला, आणि आपल्या पोरांसाठी काय महत्त्वाचं

ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल वर्ल्ड कप भारतात झाला. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमध्ये भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा पोरगा. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला होता हे खरं, पण त्या २१ नावांत बसायला कुणालाही थेट प्रवेश नव्हता.

गावाकडं अजूनही विचारतात, "अशा संघात नाव लागतं तरी कसं? वशिला लागतो का?" म्हणून त्या संघाची सगळी माहिती एका जागी देत आहोत. घरात खेळणारं पोरगं-पोरगी असेल तर शेवटचा भाग नक्की वाचा. जन्मतारखेच्या एका नोंदीवर सगळं अडू शकतं.

स्पर्धा थोडक्यात

- कालावधी : ६ ते २८ ऑक्टोबर २०१७
- संघ : २४. भारत, नायजर आणि न्यू कॅलेडोनिया हे तीन देश पहिल्यांदाच खेळले.
- मैदानं : नवी दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, गोव्यात मडगाव आणि आपल्या राज्यात नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम
- विजेता : इंग्लंड. कोलकात्यातल्या फायनलमध्ये स्पेनला ५-२ ने हरवलं.
- प्रेक्षक : १३ लाख ४७ हजारांहून जास्त

स्पर्धेच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ ला, महाराष्ट्रातल्या शाळांत 'मिशन वन मिलियन' झालं होतं. शाळांना फुटबॉल वाटले, त्या दिवशी राज्यभर पोरं-पोरी मैदानात उतरल्या. तेव्हा चौथी-पाचवीत असणाऱ्यांना आठवत असेल.

यादीचे नियम काय होते?

१) प्रत्येक देशाला २१ खेळाडू नेता येतात. मोठ्यांच्या वर्ल्ड कपला ही संख्या जास्त असते. बरीच वर्षं ती २३ होती, २०२२ ला कतारमध्ये २६ केली.

२) २१ पैकी ३ गोलकीपर असलेच पाहिजेत. एक जखमी झाला, दुसऱ्याला लाल कार्ड मिळालं, तरी गोलपोस्ट मोकळा राहू नये म्हणून.

३) जन्म १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा पाहिजे. ३१ डिसेंबर १९९९ ला जन्मलेला पोरगा कितीही चांगला खेळला तरी बाहेर. एका दिवसाचीही सवलत नाही.

४) त्या देशाचा नागरिक पाहिजे. भारताकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट लागतो.

५) यादी एकदा फिफाकडे गेली की मनाला येईल तसा बदल करता येत नाही. पहिल्या सामन्याआधी कुणाला गंभीर दुखापत झाली तरच त्याच्या जागी दुसरा घेता येतो.

भारताचे २१ खेळाडू

गोलकीपर (३)
- धीरज सिंग मोइरांगथेम – मणिपूर
- प्रभसुखन गिल – पंजाब
- सनी धालिवाल – कॅनडात वाढलेला

बचावफळी (६)
- बोरिस सिंग थांगजाम – मणिपूर
- जितेंद्र सिंग – पश्चिम बंगाल
- अन्वर अली – पंजाब
- संजीव स्टॅलिन – कर्नाटक
- हेन्ड्री अँटोनय – कर्नाटक
- नमित देशपांडे – अमेरिकेत वाढलेला

मधली फळी (१०)
- अमरजित सिंग कियाम (कर्णधार) – मणिपूर
- सुरेश सिंग वांगजाम – मणिपूर
- निंथोइंगांबा मैतेई – मणिपूर
- जॅक्सन सिंग थौनाओजाम – मणिपूर
- नोंगदांबा नाओरेम – मणिपूर
- मोहम्मद शाहजहान – मणिपूर
- लालेंगमाविया (अपुइया) – मिझोराम
- कोमल थटाल – सिक्कीम
- अभिजित सरकार – पश्चिम बंगाल
- राहुल कन्नोली प्रवीण (राहुल के. पी.) – केरळ

आघाडी (२)
- अनिकेत जाधव – कोल्हापूर, महाराष्ट्र
- रहीम अली – पश्चिम बंगाल

प्रशिक्षक : पोर्तुगालचे लुईस नॉर्टन दे मातोस. त्यांच्या आधी जर्मनीचे निकोलाय अॅडम होते. २०१७ च्या सुरुवातीला बदल झाला.

यादी नीट बघितली तर काय दिसतं?

२१ पैकी ८ जण एकट्या मणिपूरचे. मणिपूरची लोकसंख्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षाही कमी आहे. महाराष्ट्रात वाढलेला मात्र एकच, अनिकेत. मुंबई-पुण्यात मोठे क्लब आहेत, मैदानं आहेत, तरी ही गत.

मणिपुरात पोरगं चालायला लागलं की बॉलला लाथ मारतं, असं म्हणतात. पण नुसत्या आवडीनं ८ पोरं वर्ल्ड कपला जात नाहीत. तिथं गावोगाव क्लब आहेत, स्थानिक स्पर्धा आहेत, आणि पोरं लहानपणीच घर सोडून अकादमीत जातात. कर्णधार अमरजित आणि त्याचा चुलतभाऊ जॅक्सन हे दोघंही असेच लहान वयात घराबाहेर पडले.

घरची परिस्थिती म्हणाल, तर बहुतेकांची आपल्यासारखीच. अमरजितची आई मासे विकायची, वडील शेती आणि सुतारकाम करायचे. संजीव स्टॅलिनची आई बेंगळुरूत फुटपाथवर कपडे विकायची. कोमल थटालच्या घरी शिवणकाम. बॉल घ्यायला पैसे नव्हते म्हणून तो चिंध्या-प्लास्टिकचा गोळा करून खेळायचा. त्याच कोमलनं २०१६ ला गोव्यात ब्रिक्स स्पर्धेत ब्राझीलवर गोल मारला होता.

म्हणजे पैसा नाही म्हणून नाव अडलं, असं या यादीत तरी दिसत नाही. वेळेत कुणीतरी बघितलं का, आणि कागद बरोबर होते का, यावर मात्र बरंच अवलंबून होतं.

जॅक्सनची गोष्ट : आधी बाहेर, मग इतिहासात

जॅक्सन सिंग सुरुवातीला या संघात नव्हता. तो पंजाबातल्या मिनर्व्हा अकादमीत खेळायचा. प्रशिक्षक बदलल्यावर नव्यानं पोरं बघितली गेली, तेव्हा त्याला संधी मिळाली.

९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली. समोर कोलंबिया. भारत ०-१ ने मागे. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर घेतला आणि उंचपुऱ्या जॅक्सननं हेडर मारून बॉल जाळ्यात घातला. फिफा वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल! पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल करून सामना २-१ ने नेला, तो भाग वेगळा. पण पहिला गोल कुणाचा, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच : जॅक्सन.

भारताचे तिन्ही निकाल असे :
- ६ ऑक्टोबर : अमेरिका ३, भारत ०
- ९ ऑक्टोबर : कोलंबिया २, भारत १
- १२ ऑक्टोबर : घाना ४, भारत ०

तिन्ही सामने हरलो, गटातच बाहेर पडलो. हे लपवायचं काही कारण नाही. समोरच्या देशांत पोरांना सहा-सात वर्षांपासून शिस्तीत प्रशिक्षण मिळतं, आपल्याकडं ते उशिरा सुरू होतं. तो फरक मैदानात दिसला.

दुसऱ्या देशांच्या यादीत कोण होतं?

विजेत्या इंग्लंडमध्ये फिल फोडेन होता, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. त्याच संघाच्या रियान ब्रूस्टरनं सर्वाधिक ८ गोल केले. स्पेनकडून फेरान टोरेस होता, अमेरिकेकडून टिम विया. टीव्हीवर युरोपचे सामने बघणाऱ्या पोरांना ही नावं आज पाठ आहेत. तेव्हा ती इथं, आपल्या देशात खेळून गेली.

यादीत नाव असूनही खेळायला न मिळालेलेही होते. ब्राझीलच्या व्हिनिसियस ज्युनियरचं नाव आधी यादीत होतं, पण त्याच्या फ्लामेंगो क्लबनं सोडलं नाही. इंग्लंडचा जेडन सँचो गटातले सामने खेळला आणि मग जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबनं त्याला परत बोलावून घेतलं. यादी देशाची असली तरी पोरगं क्लबचं असतं, हा पेच मोठ्या देशांनाही सुटत नाही.

२१ पोरांचं पुढं काय झालं?

बरेच जण आधी 'इंडियन अॅरोज' या तरुणांच्या संघातून आय-लीग खेळले. नंतर इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) पांगले.

- अमरजित, जॅक्सन, सुरेश, अपुइया, अन्वर अली आणि रहीम अली हे भारताच्या मोठ्या संघातूनही खेळले.
- प्रभसुखन गिल वर्ल्ड कपमध्ये धीरजच्या मागं राखीव होता. २०२१-२२ च्या आयएसएलमध्ये केरळा ब्लास्टर्सकडून खेळताना सर्वोत्तम गोलकीपरचा मान त्यानं मिळवला. राखीव म्हणजे संपला असं नसतं.
- अन्वर अलीला २०१९ मध्ये हृदयाचा आजार निघाला. खेळ थांबला. पण तो झगडून परत आला आणि भारताच्या बचावातला मुख्य खेळाडू झाला.
- आपला अनिकेत जमशेदपूरकडून आयएसएल खेळला, मधे इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबमध्ये सरावालाही जाऊन आला. पुढं तो हैदराबादकडे गेला आणि २०२२ ला हैदराबादनं आयएसएल जिंकली.

काही जणांची नावं मात्र हळूहळू कमी ऐकू यायला लागली. सतराव्या वर्षी वर्ल्ड कप खेळलं म्हणजे आयुष्याची भाकरी पक्की झाली, असं नाही. म्हणून शाळा सोडू नका.

आता मुद्द्याचं : जन्मतारीख

आपल्या भागात घरटी एक तरी माणूस १ जून तारखेचा आहे. कारण सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, वय भरावं म्हणून गुरुजी १ जून लिहायचे. त्या काळी कुणाचं काही बिघडत नव्हतं. खेळात मात्र बिघडतं.

उदाहरण घ्या. पोरगा खरा फेब्रुवारी २००० चा. शाळेत लवकर घालायचं म्हणून दाखल्यावर लिहिलं १ जून १९९९. कागदावर तो आठ महिन्यांनी मोठा झाला आणि २०१७ च्या वर्ल्ड कपच्या नियमात बाद झाला. खेळ बघायच्या आधीच!

उलटं केलं, म्हणजे वय कमी दाखवलं, तर तेही पकडलं जातं. फिफा २००९ पासून सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला मनगटाचं एमआरआय वापरते. वाढत्या वयात मनगटाच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग मोकळा असतो, वय झालं की तो पूर्ण जुळून येतो. तो पूर्ण जुळलेला दिसला तर पोरगं सतराच्या वरचं धरतात. कागद काहीही म्हणो. आपल्याकडं शालेय आणि राज्य पातळीवरही वयावरून संघ बाद होतात आणि मग एकाच्या खोट्या दाखल्यापायी बाकीच्या दहा पोरांचं वर्ष वाया जातं.

पालकांनी काय करावं?

१) जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करा. वेळेत केली तर हेलपाटे वाचतात. वर्ष उलटून गेलं की वरिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश लागतो.

२) दवाखान्याचा कागद, जन्म दाखला, आधार आणि शाळेचा दाखला या चारही ठिकाणी तारीख आणि नावाचं स्पेलिंग एकच आहे का, आज रात्री काढून बघा. फरक असेल तर पोरगं लहान असतानाच दुरुस्त करा. दहावीनंतर शाळेच्या नोंदीत बदल करणं फार अवघड जातं.

३) शाळेचा संघ सुब्रतो करंडकात उतरवा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग देश, अशी ती पायरी आहे. निवड करणाऱ्यांची नजर पडण्याचा गावच्या पोरांसाठी हा सरळ रस्ता. मुलींचाही गट आहे.

४) राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून शिकता येतं आणि खेळता येतं. चाचणीच्या तारखा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. एजंटाला पैसे देऊ नका.

५) वय कमी करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा अख्खं शहर लोटतं. गडहिंग्लजनंही फुटबॉल जपलाय. म्हणजे आवड नाही असं नाही, पोरं नाहीत असंही नाही. अनिकेतच्या नावापुढं 'महाराष्ट्र' असं एकट्यानंच लिहायची वेळ आली होती. पुढच्या यादीत ती येऊ नये असं वाटत असेल, तर सुरुवात मैदानाच्या आधी घरातल्या ट्रंकेतून करावी लागेल. तिथं ठेवलेला जन्म दाखला आधी बाहेर काढा.