दक्षिणेचा हिशेब

या व्याख्यानासाठी मी विषय कळवला तेव्हा आयोजक जरा चाचरले. "सर, विद्यापीठातल्या शिष्यवृत्त्या आणि अनुदानं? तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे." त्यांचं बरोबर आहे. तत्त्वज्ञानाच्या विभागात 'अर्थ' म्हणजे शब्दाचा अर्थ. दुसऱ्या अर्थाबद्दल बोलणं आमच्याकडे कमीपणाचं समजलं जातं. पण तीसेक वर्षं शिकवल्यावर आणि त्यातली काही वर्षं विभागप्रमुखाच्या खुर्चीत काढल्यावर माझी खात्री झाली आहे, की विभागात कोण टिकतं आणि कोण निघून जातं हे बऱ्याच वेळा त्या दुसऱ्या अर्थावर ठरतं. आणि त्यातही रक्कम किती हा प्रश्न मागाहून येतो. आधी विचारावं लागतं की पैसा कुणाच्या हातून येतो, वेळेवर येतो का आणि तो कुणाला अडवता येतो. आपल्या पुण्या-मुंबईकडचा इतिहास या तीन प्रश्नांनी वाचला तर थोडा निराळा दिसतो. तेवढंच आज सांगणार आहे.

सुरुवात करायची ती पर्वतीच्या पायथ्यापासून. पेशवाईत दर श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जायची. ही प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांकडची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ती पेशव्यांकडे आली. पर्वतीजवळ एक मोठं आवार बांधलेलं होतं, त्याला रमणा म्हणत. दूरदूरहून ब्राह्मण यायचे. विद्वानांची परीक्षा व्हायची, त्यांना मोठी दक्षिणा मिळायची. बाकीच्यांना रमण्यात कोंडून दारातून एकेकाला सोडताना हातावर रक्कम ठेवायची. यात विद्येचा मान होता आणि धर्मादायही होता, दोन्ही एकमेकांत मिसळलेले. घेणारा मात्र ब्राह्मणच.

१८१८ ला पेशवाई गेली. एल्फिन्स्टन दख्खनचे कमिशनर. दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यातला वजनदार वर्ग बिथरेल हे त्यांना कळत होतं. म्हणून ती बंद केली नाही, आटवली. वर्षाला पन्नास हजार रुपयांवर आणली. त्याच निधीतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू पाठशाळा सुरू झाली, तिलाच संस्कृत कॉलेज म्हणतात. तिथल्या विद्यार्थ्यांना दरमहा वेतन असे. हे आपण लक्षात घेत नाही. आजच्या भाषेत बोलायचं तर एका संस्थेला सरकारने आवर्ती अनुदान दिलं, त्यात शिक्षकांचे पगार धरले आणि विद्यार्थ्यांचं पोटही धरलं. पुढे सरकारने असंही धोरण ठेवलं, की जुन्या दक्षिणाधारकांपैकी जे निवर्ततील त्यांची रक्कम हळूहळू शिक्षणाकडे वळवायची. कुणाच्या ताटातलं काढून घ्यायचं नाही, पण ताट रिकामं झालं की पुन्हा त्याच पंगतीत मांडायचं नाही. धोरण म्हणून हे हुशारीचं होतं, मला त्याचं कौतुक वाटतं.

आता १८४९. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, तेव्हा सव्वीस वर्षांचे. 'प्रभाकर'मध्ये त्यांची शतपत्रे येत होती. ते आणि त्यांच्यासारखी काही तरुण मंडळी यांनी सरकारकडे अर्ज केला. मागणी अशी, की दक्षिणेतला काही भाग मराठीत नवे ग्रंथ लिहिणाऱ्यांना आणि भाषांतरं करणाऱ्यांना मिळावा, आणि तो कोणत्याही जातीच्या माणसाला मिळावा. पुण्यात केवढा गहजब झाला असेल! बहिष्काराच्या धमक्या आल्या. जोतीराव फुले तेव्हा बावीस वर्षांचे, ते या सुधारकांच्या पाठीशी उभे राहिल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. सरकारने मागणी मान्य केली आणि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी आली.

इथे बहुतेक पुस्तकं टाळ्या वाजवून पुढे जातात. मला थांबायचं आहे. कारण चारच वर्षांनी, १८५५ साली, याच जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक या कमिटीकडे पाठवलं. एका कुणबी बाईला जोशीबुवा ग्रहदशेची भीती घालून कसे लुबाडतात आणि शेवटी ते नवराबायको शिकायला कसे निघतात, याचं ते नाटक. कमिटीने ते नाकारलं. पुढे १८७३ च्या 'गुलामगिरी'त फुल्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, की कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही. नाटक छापून लोकांपुढे आलं ते १९७९ साली. मधे सव्वाशे वर्षं गेली.

नियमाच्या दृष्टीने पाहा. नियम बदलला होता. जातीची अट गेली होती, पैसा खुला झाला होता. पण अर्ज वाचणारे कोण होते? ज्यांच्यावर ते नाटक होतं त्यांच्यातलेच. नियम खुला करून समिती बंद ठेवली तर पैसा जुन्याच वाटेने वाहतो. हे मी फुल्यांवरून शिकलो, आणि नंतर कितीतरी निवड समित्यांत बसलो तेव्हा ते मला वारंवार आठवत राहिलं. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी बोललो असं नाही.

याच निधीतून दक्षिणा फेलोशिप निघाली. एम.ए. करणाऱ्या किंवा झालेल्या हुशार पदवीधराला कॉलेजातच ठेवायचं, थोडं शिकवायला लावायचं, बाकी वेळ त्याने अभ्यास करावा. काशिनाथ त्र्यंबक तेलंग दक्षिणा फेलो होते. आगरकर रात्री सदरा धुवायचे आणि सकाळी तोच घालायचे, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. पण डेक्कन कॉलेजात ते दक्षिणा फेलो होते, त्यांचं पुढचं शिक्षण त्या आधारावर झालं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. आपल्याला हालअपेष्टांच्या गोष्टी आवडतात. हाल कुठे आणि कशाने थांबले यात कुणाला रस नसतो.

महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात होते, तेही पुढे दक्षिणा फेलो झाले. त्यांच्या विद्यार्थिदशेतली एक हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. रानड्यांनी एक निबंध लिहिला, त्यात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यावर टीका होती. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. त्यांनी रानड्यांना बोलावून समज दिली, जे सरकार तुला शिकवतं त्याचीच निंदा करतोस का, अशा अर्थाची, आणि शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. आता हे ग्रँट कोण? ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नामांकित अभ्यासक. त्यांची 'एथिक्स'ची आवृत्ती तेव्हा विलायतेत मान्यता पावलेली होती. म्हणजे न्याय आणि औदार्य या सद्गुणांवर ज्यांनी पानंच्या पानं लिहिली, त्यांनीच एका निबंधासाठी एका गरजू मुलाचे सहा महिने बंद केले. मी त्यांना दुष्ट म्हणत नाही. त्यांच्या मनात ती रक्कम अजून दक्षिणाच होती. दात्याने द्यायची आणि घेणाऱ्याने कृतज्ञ राहायचं. विद्यार्थ्याचा तिच्यावर हक्क आहे, अशी कल्पनाच अजून यायची होती.

खाजगी दात्यांचंही थोडं बोलतो. खानदेशात अंमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीमालकाने वेदान्तासाठी पैसा द्यावा, संशोधकांना राहायची सोय आणि विद्यावेतन द्यावं, हे आज अद्भुत वाटतं. रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती, मलकानी अशी माणसं तिथे राहून काम करत. कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिथे संचालक होते. साने गुरुजी तिथे तत्त्वज्ञान शिकायला आले आणि मग शेजारच्या प्रताप हायस्कूलकडे वळले. संस्थेचा कल शांकर वेदान्ताकडे होता, कारण शेठजींचा तो होता. दाता इतका उदार असला तरी विषय तोच सुचवतो. त्यात वावगं काही नाही, पण एकाच दात्यावर अख्खा विषय सोपवू नये.

आता बडोदा. भीमराव आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. त्या काळात एका अस्पृश्य तरुणाला एवढी रक्कम देणारा राजा दुसरा दाखवा. १९१६ ला ते लंडनला गेले, तिथला अभ्यास सुरू झाला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अर्धवट सोडून परत यावं लागलं. करारानुसार बडोद्याला रुजू झाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथून हाकलले गेले. दरबाराने तीन वर्षांचा खर्च उचलला होता, पण बडोदा शहरात एक खोली मिळवून देणं जमलं नाही. शिष्यवृत्तीच्या कागदात राहण्याचं कलम नसतं. त्यावर माणूस अडतो.

पण या कहाणीत एक कागद आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी दिली होती. त्याला एक पै खर्च आला नाही. आंबेडकरांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, आणि १९२० साली ते परत गेले. १९२३ ला डी.एस्सी. झाले. ती मुदत नसती तर साठवलेले पैसे घेऊन ते कुठे गेले असते? आमच्याकडे मुदतवाढीचा अर्ज आला की कारकुनापासून प्रमुखापर्यंत सगळ्यांच्या कपाळाला आठी पडते, म्हणून हे सांगितलं.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग आला, १९५३ साली स्थापना आणि १९५६ साली कायदा. पुढे चिंतामणराव देशमुख त्याचे अध्यक्ष झाले. १९८४ पासून परीक्षा घेऊन कनिष्ठ संशोधन फेलोशिप देणं सुरू झालं. आता ती दरमहा ३७,००० आहे. मोठा बदल झाला हे कबूल केलं पाहिजे. कुणा दरबारापुढे उभं राहावं लागत नाही, परीक्षा पास झालात की हक्काने मिळते. पण ज्यांना ती मिळत नाही त्यांचं काय? केंद्रीय विद्यापीठांत अशा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना दरमहा ८,००० रुपये मिळत. २०१५ साली तेही बंद करायचं ठरलं, तेव्हा मुलं दिल्लीत आयोगाच्या दारात जाऊन बसली. आपल्या राज्य विद्यापीठांतल्या मुलांना तर ते आठ हजारही नव्हते. इथे आधार कर्मवीरांच्या नावाच्या 'कमवा आणि शिका' योजनेचा. बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तासावर काम करायचं. माझ्या विभागातल्या ग्रंथालयाची कित्येक कपाटं या मुलांनी लावलेली आहेत.

आता शेवटी माझी गोष्ट. सांगायला बरं वाटत नाही, पण इतरांचे हिशेब काढले तर आपलाही काढावा.

मी विभागप्रमुख होतो त्या वर्षांत आमच्याकडे मराठवाड्यातला एक विद्यार्थी होता. फेलोशिप मिळालेली होती. पण दर तीन महिन्यांनी हजेरीचा दाखला आणि प्रगती अहवाल यांवर मार्गदर्शक आणि विभागप्रमुख दोघांच्या सह्या होऊन ते कागद वर जावे लागत, मगच हप्ता सुटे. तो माझाच विद्यार्थी, म्हणजे दोन्ही सह्या माझ्याच. मी एका चर्चासत्राला गेलो, मग दिवाळीची सुट्टी लागली. तो कागद माझ्या खणात राहिला. कशाखाली होता सांगतो. त्याच्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाखाली. प्रकरण मी वाचलं होतं, समासात बारीक अक्षरात शेरे लिहिले होते, 'कर्तव्य' आणि 'बंधन' यांत गल्लत होते आहे वगैरे. कागद उशिरा गेला, त्या तिमाहीची यादी वर निघून गेली होती, म्हणून पुढच्या तिमाहीत धरला. पाच महिने गेले. पोरगा एका शब्दाने बोलला नाही. कसा बोलेल? मी त्याचा मार्गदर्शक.

बोलल्या त्या खानावळवाल्या मावशी. विभागात कधी न आलेल्या बाई, थेट माझ्या खोलीत आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "सर, तुमचा तो पोरगा दोन महिने एकच वेळ जेवतोय. उधारी वाढू नये म्हणून. मी म्हणते जेव, पैशाचं बघू, तर ऐकत नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. खोलीत ॲरिस्टॉटलच्या दोन आवृत्त्या होत्या, त्यातली एक ग्रँटची.

त्यानंतर आम्ही विभागात एक नोंदवही ठेवली. साधी, लाल पुठ्ठ्याची. विद्यार्थ्याचं नाव, कागद कोणता, कुणाकडे आहे, कधीपासून. ती बाहेर शिपायाच्या टेबलावर असायची आणि कुणालाही उघडून पाहता यायची. काही सहकाऱ्यांना तो अपमान वाटला. प्राध्यापकांवर शिपायाची पाळत का, असं एकजण म्हणाले. दोन महिने कुरकुर झाली, मग सवय झाली. मावशींची उधारी त्या मुलाने हप्ता आल्यावर फेडली, मी देऊ केलेले पैसे त्याने घेतले नाहीत. त्या वहीतली पहिली नोंद मी माझ्या हाताने मागच्या तारखेने केली होती. 'कुणाकडे' या रकान्यात माझं नाव, आणि पुढे दिवस, सत्तेचाळीस.

थोडं पाणी घेतो. मग तुमचे प्रश्न घेऊ.