तलवाडा, 10 ऑक्टोबर 1945 : गोळीबार झाला, न्यायाचे काय?

दरवर्षी 11 जुलैला आपण घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात शहिदांना अभिवादन करतो. डहाणू-तलासरीचे आदिवासी असेच अभिवादन 10 ऑक्टोबरला करतात. 1945 साली त्या दिवशी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांना पहिली तारीख पाठ असते, दुसरी अनेकांना ठाऊक नसते. दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहिल्या तर सरकारच्या बंदुकीने मेलेल्या माणसाला न्याय कुठे आणि कसा अडतो, हे स्पष्ट दिसते.

वेठबिगार आणि लग्नगडी

तेव्हा हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. तलासरी तालुकाही नव्हता. डहाणू आणि उंबरगाव हे दोन तालुके होते. जमिनी जमीनदार-सावकारांच्या ताब्यात गेलेल्या आणि वारली त्याच जमिनीवर कूळ किंवा वेठबिगार म्हणून राबत. लग्नासाठी कर्ज घेतलेला तरुण ‘लग्नगडी’ होई. फेडीच्या नावाखाली तो आणि त्याची बायको, दोघेही मालकाच्या घरी वर्षानुवर्षे खपत. ही गोष्ट सरकारला माहीत नव्हती असे म्हणता येत नाही. सायमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याचा अहवाल 1939 साली सरकारनेच छापला होता आणि त्यात आदिवासींच्या पिळवणुकीचे वर्णन आहे.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे गेले. त्यात माह्या धांगडा होते. त्यानंतर 23 मे 1945 रोजी झरी या गावी (आज तलासरी तालुक्यात) सुमारे पाच हजार वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्याच्या पुढे होते.

इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवू. हेच शामराव परुळेकर 1937 साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. खोती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी 1937 च्या सप्टेंबरात मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, तेव्हा ते त्या चळवळीत होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. पण महारकीविरुद्धचा लढा, खोतीविरुद्धचा लढा आणि वारल्यांचा वेठीविरुद्धचा लढा एकमेकांना परके नव्हते.

गोळीबाराचा दिवस

पावसाळा संपला की गवतकापणीचा हंगाम येई. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई आणि जमीनदारांना त्यात मोठा पैसा मिळे. वारल्यांनी पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी मागितली आणि तोवर काम बंद ठेवले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलेल्या हकिगतीनुसार, त्या तलवाड्याला सभा घेणार असून त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप गावोगाव पसरवण्यात आला. बाई तिथे नव्हत्याच. निरोप ऐकून हजारो वारली हाताला लागेल ते घेऊन धावले. दुसरीकडे पोलिसांना कळवले गेले ते असे, की वारली दंगल करायला निघाले आहेत. मग बंदुका चालल्या.

यानंतर सरकारने परुळेकर दांपत्यासह किसान सभेच्या कार्यकर्त्यांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. गोळ्या लागल्या त्यांच्याच बाजूच्या लोकांवर हुकूम निघाले. तरीही वारल्यांनी संप शांतपणे चालू ठेवला आणि जमीनदारांना नमावे लागले. मजुरीच्या बाबतीत लढा जिंकला. पाच खुनांच्या बाबतीत नाही.

दाद मागायची तरी कुठे? काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी 1939 च्या नोव्हेंबरात राजीनामे दिले होते आणि 1946 पर्यंत मुंबई प्रांत गव्हर्नरच्या थेट अमलाखाली होता. प्रश्न विचारायला कामकाज करणारी विधानसभाच नव्हती. आणि कायदा? 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 132 असे, की जमाव पांगवण्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येणार नाही. ज्याने गोळी झाडायला लावली, त्याचीच परवानगी घेऊन त्याच्याविरुद्ध कोर्टात जायचे! 1946 मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळ परत आले. त्या वर्षीच्या जंगल कामगारांच्या संपातही हद्दपारी आणि अटका थांबल्या नाहीत.

तेच कलम, नवा नंबर

इंग्रज गेले, कलम राहिले. 1973 च्या संहितेत तो 132 नंबरवरच होता, आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 151 वर आहे. लोकसेवकांवरील खटल्यासाठी लागणारी मंजुरी जुन्या कलम 197 मध्ये होती, ती आता 218 मध्ये. या 218 मध्ये एक बरी सुधारणा आहे: सरकारने 120 दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. ती 151 मध्ये मात्र नाही, आणि जमावावरच्या गोळीबारात आड येते ते 151.

रमाबाई नगरात काय झाले ते आपल्याला माहीत आहे. 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलाने गोळीबार केला, दहा जण गेले. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार अनावश्यक होता असा निष्कर्ष काढला. पण चौकशी आयोग 1952 च्या कायद्याने नेमला जातो आणि त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. तो शिक्षा देत नाही, सल्ला देतो. फौजदार मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती 2009 च्या मे महिन्यात, म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन त्यांना जामीन दिला. एवढे तरी का झाले? कारण वस्तीने मृतांची नावे, जखमांच्या नोंदी, साक्षीदार हे सगळे धरून ठेवले आणि बारा वर्षे सोडले नाही. पोलिसांनी टँकर पेटवला जाणार असल्याचा बचाव पुढे केला, तो आयोगासमोर टिकला नाही तो याच पुराव्यामुळे.

म्यानमारमध्ये आज हेच काम लोक करत आहेत. बाबासाहेब डिसेंबर 1954 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ज्या रंगूनला गेले होते, त्या देशात 1 फेब्रुवारी 2021 रोजी लष्कराने सत्ता बळकावली. त्याच वर्षी 9 एप्रिलला बगो शहरात सैन्याने आंदोलकांवर हल्ला केला, ऐंशीहून अधिक माणसे मेली. तिथल्या कोर्टात न्याय मिळणे अशक्य. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने 2018 साली नेमलेली स्वतंत्र तपास यंत्रणा पुरावे जमवून जपून ठेवते आहे, उद्या एखादे कोर्ट उघडेल तेव्हासाठी. मारणारे बौद्ध म्हणवतात, मरणारेही बहुतेक बौद्धच. पंचशीलातील पहिले शील गणवेश पाहून बदलत नाही, हे आपण स्पष्ट बोलायला हवे.

तलवाड्याच्या बाबतीत असे जतन कोणी करायचे होते? बहुतेक लिखाणात आजही ‘जेठ्या गांगड आणि इतर चौघे’ एवढेच असते. त्या चौघांनाही नावे होती, पाडे होते, बायकापोरे होती. 1960 साली राज्ये झाली तेव्हा उंबरगाव तालुकाच फुटला: मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्या गावांतून तलासरी झाले. त्यामुळे शोध घ्यायचा तर दोन राज्यांत घ्यावा लागेल. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात प्रांतिक सरकारच्या गृह खात्याची जुनी दफ्तरे आहेत; पोलिसांची बाजू कागदावर असेल तर तिथे. दुसरी बाजू पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांकडे आहे. 1945 मध्ये जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीत आहे.