न ऐकलेली चाल: मुलांना सूर वाचावयास शिकविण्याची हकीकत

ताडोब्याच्या अरण्याचे दार म्हणून आज जिची ख्याती झाली आहे, त्या इरईच्या जलाशयालगतच्या मोहर्लीत काय, किंवा भद्रावती-चिमूर पट्ट्यातील तशाच कोणत्याही गावात काय, राष्ट्रीय सणाच्या सकाळी शाळेची प्रभातफेरी निघावयाची ती ढोल-ताशा व लेझीम यांच्या ठेक्यावर, हा आता शिरस्ताच होऊन बसला आहे. आणि त्या फेरीतील मुले पाऊल, हात व ठेका यांचा मेळ बिनचूक राखतात, याचे कोणास नवल वाटत नाही. नवल वाटावयास हवे ते निराळ्याच गोष्टीचे. याच मुलांपुढे एखाद्या न ऐकलेल्या चालीचा कागद ठेवून ‘वाजवा’ म्हटले, तर त्यांची व बहुधा त्यांच्या गुरुजींचीही मती कुंठित होईल. एकत्र वाजविण्याची तालीम आमच्या मुलखात पुरातन आहे. दृष्टीस पडताच वाजविण्याची विद्या मात्र मराठी-कोकणी प्रदेशाच्या एका कोपऱ्यातच खोलवर रुजली. असे का व्हावे, याचा शोध घेऊ लागले की शाळा, चर्च, दरबार व चित्रपट अशा चार दप्तरांची धूळ झटकावी लागते.

पूर्व विदर्भातील आमच्या या झाडीपट्टीच्या स्वतःच्या शिक्षणक्रमाला कमी लेखण्याचे मुळीच कारण नाही. भामरागड-एटापल्लीकडील माडिया आदिवासींच्या गोटुलात, म्हणजे युवागृहात, थोरल्या मुलामुलींनी म्हणावे, धाकट्यांनी उचलावे, एका रांगेने ओळ टाकावी आणि दुसरीने ती झेलावी, अशा रीतीने रेला गीते पिढ्यान्‌पिढ्या पोचली. दंडार ही लोकनाट्याची परंपरा व पुढे तिच्याच अंगणात वाढलेली झाडीपट्टीची रंगभूमी यांनीही धानाची कापणी आटोपल्यावरच्या रात्री याच कानाच्या भांडवलावर जागविल्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा या अरण्याशी संबंध तर सर्वश्रुतच आहे. चिमूरजवळच्या गोंदोड्याच्या गुहेत साधना केलेल्या आणि १९४२ च्या आंदोलनात चंद्रपुरात अटक झालेल्या या पुरुषाने खंजिरी व सामुदायिक प्रार्थना यांच्या बळावर गावोगाव जी भजनमंडळे उभी केली, ती सामूहिक गायनाची एक विराट शाळाच म्हटली पाहिजे. परंतु या सर्व परंपरांत एक गोष्ट समान आहे: सर्व जण एकच ओळ म्हणतात वा वाजवितात. ज्याचे चुकले त्याने शेजाऱ्याचे ऐकावे आणि पुन्हा मेळात यावे. कागदाची गरजच कोठे पडते?

गरज पडली ती युरोपात, आणि तीही मुलांपायीच. अकराव्या शतकात इटलीतील गीदो नावाच्या एका साधूस चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांना असंख्य स्तोत्रे केवळ घोकून पाठ करविणे असह्य झाले. संत जॉनच्या एका लॅटिन स्तोत्राच्या पहिल्या सहा चरणांपैकी प्रत्येक चरण मागच्यापेक्षा एकेक स्वर वर चढून सुरू होतो, हे हेरून त्याने त्या चरणांच्या आद्याक्षरांनाच स्वरांची नावे दिली, आणि आडव्या रेघांवर स्वर मांडण्याची पद्धत रूढ केली. जे गायन पूर्वी दहा वर्षांतही पुरते साधत नसे, ते आपण एका, फार तर दोन वर्षांत साधवितो, असा त्याचा दावा होता. शिक्षकांचे दावे थोडे वजा करूनच घ्यावेत. पण हा दावा पुढच्या इतिहासाने बव्हंशी खरा केला.

हीच विद्या पोर्तुगीज अंमलात, सोळाव्या शतकाच्या मध्यापासून, गोव्याच्या चर्चशाळांत उतरली. तेथील ‘मेस्त’ हा चर्चचा वादकही असे आणि गावच्या पोरांचा पंतोजीही. मुलाच्या हाती तो व्हायोलिन लगेच देत नसे. आधी सोल्फेज: स्वरांची नावे त्या त्या सुरात म्हणावयाची, आणि त्याच वेळी हाताने काल मोजावयाचा. चार मात्रांचा खंड असेल तर हात पहिल्या मात्रेस खाली, दुसरीस डावीकडे, तिसरीस उजवीकडे, चौथीस वर. डोळे कागदावर, आणि तेही म्हणत असलेल्या स्वराच्या एक पाऊल पुढे. चुकले तरी थांबावयाचे नाही, मागे फिरून दुरुस्त करावयाचे नाही. पुढच्या खंडाच्या आरंभी गाठावयाचे. हे वळण अंगी मुरले म्हणजे मग वाद्य. तालमीची रीत याच्या अगदी उलट असते. तीत शिक्षकाने थांबवावे, अवघड खंड संथ करून घ्यावा, एकेका वाद्याची तुकडी निराळी काढून तिचे सूर जुळवावेत आणि मग सर्वांना एकत्र आणावे. थांबणे आणि न थांबणे या दोन शिस्ती एकाच मुलात वाढवावयाच्या तर त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवणे भाग आहे. जो शिक्षक वाचनाच्या वेळीही दर दोन मात्रांनी टोकतो, तो मुलांना वाचू देत नाही.

गोव्यात ही विद्या टिकली त्याचे खरे कारण मात्र चर्चच्या गायनातच होते. तेथे निरनिराळे आवाज एकाच वेळी निरनिराळ्या ओळी गात. शेजाऱ्याचे ऐकून मेळात येण्याची सोय नव्हती, कारण शेजारी भलतेच काही गात असे. ज्याची ओळ त्यालाच वाचता यावी लागे. हेच भांडवल घेऊन गोमंतकीय वादक ब्रिटिश पलटणींच्या, पोलिसांच्या व संस्थानिकांच्या बँडांत, मूकपटगृहांत आणि शेवटी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत शिरले. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांचे ‘अलबेला’ चित्रपटाचे संगीत १९५१ साली गाजले, त्यामागे चिक चॉकलेट या नावाने विख्यात असलेल्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाचा हात होता. संगीतकाराने पेटीवर चाल सांगावी, संयोजकाने ती पाच रेघांवर उतरवून वाद्यावाद्यांत वाटून द्यावी, आणि ज्यांनी ती कधीच ऐकली नाही अशा वादकांनी ती कागदावरून थोडक्या तालमीत ध्वनिमुद्रणास सिद्ध करावी, असा तो कारभार होता. माजोर्ड्याचे ॲन्थनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या एका चित्रपटगीताने त्यांचे नाव घरोघर नेले, पण ती विद्या घरोघर गेली नाही.

गोव्याबाहेर असे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पुणे गायन समाज १८७४ मध्ये निघाला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि स्वरलेखनाची स्वतःची पद्धती पुस्तकांतून मांडली; दरबारातील गवई-वादकांचा कारभार पाहण्यास तेथे ‘कलावंत कारखाना’ नावाचे खातेच होते. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, आणि वर्गात अनेकांना एकत्र शिकविण्याची रीत रूढ केली. बालपणी फटाक्याने डोळे अधू झालेल्या या पुरुषाने डोळ्यांनी वाचावयाच्या स्वरलिपीचा ध्यास घ्यावा, हा योग मला फार विलक्षण वाटतो. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांची लिपी अधिक सुटसुटीत: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्रास खाली टिंब, तारास वर टिंब. पाचवीच्या मुलास ती आठवड्यात कळेल. पण तिचा उपयोग झाला तो मुख्यतः शिकलेली चीज विसरू नये म्हणून, न शिकलेली वाचता यावी म्हणून नव्हे. मींड व श्रुती गुरुमुखातूनच यावयाच्या, हे खरे. परंतु त्याहून मोठे कारण हे की सारा वर्ग एकच बंदिश एकाच ओळीत गाई.

आता बँडाकडे वळावे. नागपूरजवळच्या कामठीची लष्करी छावणी १८२१ पासूनची. लष्करी बँडाची वाद्ये व गणवेश यांचे अनुकरण करीत लग्नाच्या वरातीतील बँड देशभर फोफावले. परंतु तेथेही मुख्य वादकाने सिनेमातील चाल वाजवून दाखवावी आणि इतरांनी कानाने उचलावी, हीच बहुधा वहिवाट पडली. शाळेत क्लॅरिनेट वा ट्रम्पेट आणणाऱ्यास आणखी एक अडचण येते. या वाद्यांच्या प्रचलित जातींत कागदावरचा ‘सा’ वाजविला असता पेटीवरच्या त्याच स्वराहून एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो. म्हणजे एकच कागद सर्वांस देऊन चालत नाही. लिहिणारा जाणकार नसेल तर वाद्ये कपाटात राहतात.

ढोल-ताशाच्या जोडीला बासरी व पेटी एवढ्यावर भागविणाऱ्या शाळेला मात्र ही सबब नाही. मोहर्लीच्या परिसरातील शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की गावच्या दंडारीतील परिचित सुरांतूनच, पण स्वतः नव्याने रचलेल्या दोन लहान ओळी रोज भातखंड्यांच्या लिपीत फळ्यावर मांडाव्यात. अर्ध्या वर्गाला एक, अर्ध्याला दुसरी. अर्धे मिनिट नुसते पाहू द्यावे, मग टाळीने ठेका घ्यावा, मग दोन्ही ओळी एकाच वेळी म्हणवून घ्याव्यात. पेटी तोवर बंद ठेवावी, आणि ओळ संपण्यापूर्वी गुरुजींनी ती गाऊन दाखवू नये.